अमर्याद म्हणजे नेमकं किती?

माझ्याकडे रोज जेवढी माणसं येऊन जायची तेवढी एखाद्या भल्यामोठ्या स्टेशनातूनही जात नसतील, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं. मी वजनमापे खात्यातला साधा निरीक्षक. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले, लिटर म्हणजे लिटरच भरतोय ना हे बघितलं. माझ्या नावाने कधी चार माणसं जमली असतील तर ती दंडाची पावती घ्यायला. अशा माणसाच्या साइटवर अचानक झुंबड उडाली तर त्याचं डोकं ठिकाणावर राहील का? माझं राहिलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

साइट होती प्रॉक्सीची. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुमच्या ऑफिसाने एखादी साइट बंद केली असेल तर तुम्ही माझ्या साइटवर यायचं, हवा तो पत्ता टाकायचा, की माझा सर्व्हर तिकडे जाऊन ते पान उचलून आणणार आणि तुमच्यापुढे ठेवणार. ऑफिसच्या लेखी तुम्ही फक्त माझ्याकडे आलात, बाकी कुठेही गेला नाहीत. यात काही वावगं आहे असं मला वाटलं नव्हतं, कारण हा सगळा उपद्व्याप मी बायकोसाठी केला होता. बायकोसाठी केलेल्या कामात वावगं शोधत बसू नये, संसार टिकत नाही.

बायको विम्याच्या ऑफिसात आहे आणि बुद्धिबळ खेळते. विरंगुळा म्हणून नव्हे हं! समोरच्याचा वजीर मारताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत दिसत नाही. घरी तिला सलग अर्धा तास मिळत नाही. ती पटासमोर बसली रे बसली की कुणीतरी हाक मारतंच, आणि खरं सांगायचं तर तो बहुतेक वेळा मीच असतो. म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खेळायची. बुद्धिबळाच्या एका साइटवर मोठी स्पर्धा चालू होती आणि ही एकेक फेरी जिंकत पुढे चालली होती. तेवढ्यात तिच्या ऑफिसच्या संगणक विभागाच्या प्रमुखांनी एका सकाळी फर्मान काढलं. सामने बंद, सिनेमे बंद, राशिभविष्य बंद, आणि सुक्याबरोबर ओलं जळावं तसं बुद्धिबळही बंद. या गृहस्थांना तेव्हापासून सगळे कुलूपवाले म्हणू लागले. त्या काळी खिशातल्या फोनवर फक्त बोलता यायचं, त्यामुळे तीही वाट नव्हती.

त्या दिवशी ती घरी आली ती पर्स सोफ्यावर भिरकावतच.

"संपलं," ती म्हणाली. "आता मी आपली लोकांचे दावे मंजूर करत बसते."

"अगं, पुढच्या वर्षी खेळशील."

"पुढच्या वर्षी? अहो, इतकी पुढे मी आयुष्यात पहिल्यांदा गेलेय!"

हे ती ओरडून म्हणाली असती तर मी पेपर वाचत बसलो असतो. पण ती हळूच म्हणाली. मग मात्र मला राहवेना. एका संगणकाच्या मासिकात बघून बघून, चुकत-माकत, मी ती प्रॉक्सी उभी केली आणि जाहिरात बघून एका कंपनीच्या सर्व्हरवरची सर्वांत स्वस्त जागा भाड्याने घेतली. "अमर्याद जागा, अमर्याद डेटा!" असं त्या जाहिरातीत तीन रंगांत लिहिलेलं होतं.

बायकोने दुसऱ्याच दिवशी दुपारी डाव टाकला आणि मारलाही. मग तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना फक्त एवढंच सांगितलं, "कुणाला सांगू नका हं." दवंडी पिटण्याचा याहून खात्रीचा मार्ग अजून निघालेला नाही. आठवड्याभरात सगळं ऑफिस माझ्याकडे. मग त्या बाईंच्या नणंदेचं ऑफिस. मग नणंदेच्या मुलीचं कॉलेज. कुलूपवाल्यांना सुगावा लागला की ते माझा पत्ता बंद करायचे, मी नवा पत्ता घ्यायचो, तो बायको त्या बाईंना सांगायची, आणि पुन्हा "कुणाला सांगू नका हं". येणाऱ्यांचा आकडा चढतोय म्हणजे किती चढावा! मी सकाळी दात घासायच्या आधी आकडा बघायचो, दाढीला साबण लावून आकडा बघायचो. ऑफिसात मोठ्या साहेबांनी "काय हो, आज खुशीत दिसताय?" असं विचारलं तर मी नुसता गूढ हसायचो.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण माझं खातं आड आलं. रोज त्या कंपनीच्या पानावर "अमर्याद" हा शब्द दिसायचा आणि माझा हात पावतीपुस्तकाकडे जायचा. माप नसलेली वस्तू विकणं हा आमच्या कायद्याने गुन्हा आहे. शेवटी मी त्यांच्या मदतकक्षाला गाठलंच. तिथे एक बाई टाइप करून उत्तरं द्यायच्या.

"अमर्याद म्हणजे नेमकं किती?" मी विचारलं.

"सर, अमर्याद म्हणजे मर्यादा नाही."

"बाई, मर्यादा नसलेलं माप नसतं. असल्या डब्याला आमच्याकडे सील ठोकतात."

"सर, आपला प्रश्न आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे."

महत्त्वाचा आहे म्हटल्यावर मी तो सोडवायला मदत करायचं ठरवलं. त्यांना अंदाज यावा म्हणून माझा रोजचा वापर किती, दुपारी तो कसा उसळतो, कुठकुठल्या ऑफिसांतून लोक येतात आणि काय काय बंद असलेलं उघडून घेतात, याचं आलेखासकट सविस्तर निवेदन मी सहीनिशी पाठवलं. वर "कळावे, आपला विश्वासू" असंही लिहिलं. त्याच दुपारी माझी साइट बंद. कारण काय, तर नियमांत प्रॉक्सीला मनाई आहे आणि अमर्याद डेटा "वाजवी वापराच्या मर्यादेत" अमर्याद आहे. अरे, मग तेच तर मी विचारत होतो!

बायको रात्रीची भांडी लावत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही. पण..."

"परवा माझी पुढची फेरी आहे."

त्या परवामुळे घरात सल्लागार मंडळ बसलं. मंडळात दोघे. एक माझा मेहुणा, ज्याला जगातल्या कुठल्याही विषयावर एक "ओळखीचा माणूस" असतो. दुसरे खालच्या मजल्यावरचे नळकाका. ते पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेत आणि विषय हृदयविकाराचा असो की निवडणुकीचा, तो पाइपलाइनपर्यंत आणून सोडतात.

"तुम्ही सामाईक नळावर होता," नळकाका म्हणाले. "एका नळावर चाळीस बिऱ्हाडं. त्यात तुम्ही लावली मोटार! तोडणारच ते कनेक्शन."

"भावजी, तुम्ही आभासी सर्व्हर घ्या," मेहुणा म्हणाला. "माझ्या ओळखीचा एक माणूस परदेशात देतो. काही विचारत नाही."

"काही विचारत नाही" याचा मला तेव्हा फार आनंद झाला. यंत्र एकच, पण त्यात प्रत्येकाला कप्पा वेगळा, अशी ती सोय. साइट पुन्हा उभी राहिली आणि बायकोने ती फेरी जिंकली. गर्दी परत आली ती दुप्पट होऊन, मी पुन्हा साबण लावून आकडा बघायला लागलो. आणि मग ते पत्र आलं.

गुलाबप्रेमींच्या कुठल्याशा मंडळाचं. माझ्या पत्त्यावरून त्यांच्या चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की अध्यक्षांचे गुलाब म्हणजे निव्वळ कोबी आहेत. प्रॉक्सीचं दुखणं हेच. लोक काय वाटेल ते करतात आणि नाव मधल्या माणसाचं लागतं. त्या पत्रात माझा उल्लेख "हा विकृत इसम" असा होता. आता सांगा! ज्या माणसाने कधी बसच्या रांगेत पुढे घुसायचं धाडस केलं नाही, तो विकृत इसम! दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग मी अध्यक्षांना रीतसर माफीचं पत्र लिहिलं. गुलाबांचे फोटो मी नीट पाहिले आहेत, ते उत्कृष्ट आहेत आणि कोबीशी त्यांचं काडीचंही साम्य नाही, असं जबाबदारीने कळवलं. अध्यक्षांचं उलट टपाली उत्तर आलं, सोबत खत घालायची पद्धत. पण काही न विचारणाऱ्या परदेशी माणसाने याही वेळी काही विचारलं नाही. तक्रारी फार, शिवाय शेजारच्या कप्प्यांची मेमरी खातो, असं कळवून त्याने मला सरळ बाहेर काढलं.

इकडे बायको अंतिम फेरीत पोहोचली होती! समोर होत्या समुद्रापलीकडच्या एक मुख्याध्यापिका. दोघींच्या घड्याळांचा मेळ बसवून संयोजकांनी वेळ दिली ती नेमकी दुपारची, हिच्या ऑफिसच्या सुट्टीची. ऑफिसात तपासणी चालू असल्यामुळे रजा कुणालाच नव्हती. म्हणजे डाव ऑफिसातूनच होणार, आणि ऑफिसातून होणार म्हणजे माझ्यामार्फत. बायको वरून शांत होती, पण आमटीत मीठ दोनदा पडत होतं. तिच्यापेक्षा मीच जास्त उतावळा झालो होतो. या वेळी ठिगळं लावायची नाहीत, आख्खा सर्व्हर स्वतःचा घ्यायचा, मी ठरवून टाकलं.

आणि मी काही आजकालच्या लोकांसारखा न बघता वस्तू घेणारा माणूस नाही. गावाबाहेर एका कंपनीची सर्व्हर ठेवायची इमारत होती. मी, मेहुणा आणि नळकाका, तिघे जण सर्व्हर बघायला गेलो. आत अशी थंडी की मेहुण्याच्या चष्म्यावर बाहेर आल्यावर धुकं धरलं. काळ्या कपाटांच्या रांगाच्या रांगा, हिरवे दिवे लुकलुकताहेत आणि सगळीकडे घूंऽऽ असा आवाज. स्वेटर घातलेला व्यवस्थापक आमच्यापुढे चालत होता. बहुधा त्याच्याकडे याआधी कुणी सर्व्हर बघायला आलं नसावं.

"यातला आमचा कुठला?" मी विचारलं.

"कुठलाही देऊ, सर. सगळे सारखेच आहेत."

"सारखे असतील, पण आमचा कुठला?"

त्याने निमूट एका यंत्रावर बोट ठेवलं. मी त्यावर हात ठेवून पाहिला, गरम होतं, बरं वाटलं. नळकाकांनी कपाटाला कान लावला. "दाब बरा आहे," ते म्हणाले. मग वीज गेली तर काय, जनरेटर कुठाय, तो शेवटचा कधी चालवून पाहिला, हे सगळं त्यांनी विचारलं आणि व्यवस्थापकाला जनरेटर चालवूनच दाखवायला लावला.

"प्रॉक्सी आहे," मेहुण्याने मी चिमटा काढायच्या आत सांगून टाकलं. मी डोळे मिटले.

"चालेल की," व्यवस्थापक म्हणाला. "तक्रारी आल्या तर उत्तरं द्यावी लागतील, बस्स."

"उत्तरं?" मी डोळे उघडले. "अहो, मी गुलाबवाल्यांशी पत्रव्यवहार केलाय!"

मग त्याने दोन प्रकार सांगितले. एक अमर्याद, हवं तेवढं वापरा, पण इतरांना त्रास झाला तर आम्ही आवळणार. दुसरा ठरलेल्या मापाचा, पूर्ण तुमचा, त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही, पण त्याहून थेंबभरही जास्त मिळणार नाही.

"मोजून देता?" मी एक पाऊल पुढे सरकलो.

"मोजून."

"मीटर बघायला मिळेल?"

त्याने मीटर दाखवला. इतका सुंदर मीटर मी नोकरीत पाहिला नव्हता. मेहुणा कानाशी लागला, "भावजी, अमर्याद घ्या. उद्या गर्दी उसळली तर?" पण मी ऐकतोय कुठला! माप बघून माझं भान हरपलं होतं. मी मापाचाच घेतला.

सगळं उत्तम चाललं. कुलूपवाल्यांना नवा पत्ता अजून सापडला नव्हता. अंतिम फेरीच्या दिवशी मी रजा टाकली. आणि मग, वाचकहो, मला काय दुर्बुद्धी झाली ती झाली. सकाळी माझ्या मनात आलं, एवढे हजारो लोक रोज येतात, ज्या बाईमुळे ही साइट उघडली ती कोण हे त्यांना कळायला नको? अभिमान माणसाला गप्प बसू देत नाही. मी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: "आज दुपारी आमच्या घरच्यांचा अंतिम सामना. अवश्य पाहा." खाली डावाचा पत्ताही दिला.

लोक फार चांगले असतात हो. अवश्य पाहायला आले.

डाव सुरू झाला तेव्हा मी, मेहुणा आणि नळकाका आमच्या कॉम्प्युटरपुढे खुर्च्या मांडून बसलो होतो. आकडा बघता बघता असा चढला की मी टाळ्या पिटल्या. "पाहताय ना! पाहताय ना!" मी नळकाकांना गदागदा हलवत होतो. मग मीटरची रेघ वर जाऊन छताला टेकावी तशी सपाट झाली. पूर्ण माप भरलं होतं. आणि फोन वाजला.

"अहो, पान उघडत नाहीये!" बायको. "तिने घोडा काढला एवढं दिसलं, त्यापुढे काहीच नाही. माझं घड्याळ चालू आहे हो!"

बुद्धिबळात दोघांना ठरावीक वेळ असतो. तो संपला की डाव कितीही चांगला असो, हार. तिला कुणी हरवत नव्हतं. मी हरवत होतो, टाळ्या पिटत.

"व्हॉल्व्ह बंद करा!" नळकाका ओरडले. "सगळे बंद! एकच लाइन चालू ठेवा!"

सगळे बंद? माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गर्दी मी माझ्याच हाताने हाकलायची? क्षणभर माझा हात थबकला, खोटं कशाला बोलू. मेहुणा नुसतं म्हणाला, "भावजी, ताई..." आणि मी टाइप करायला लागलो. बायकोच्या ऑफिसचा पत्ता तेवढा आत, बाकी सगळं जग बाहेर. पण ते टाइप करायचं त्याच तुंबलेल्या नळातून. मी अक्षर दाबायचं, ते इतक्या उशिराने उमटायचं की तोवर मला वाटायचं दाबलंच नाही. देवाचं नाव घेत घेत ते वाक्य पुरं केलं. मीटरची रेघ धाडकन खाली आली.

"आता बघ!"

"नाही हो! तसंच आहे!"

आता माझा सर्व्हर मोकळा होता, पण तिच्या ऑफिसची स्वतःची लाइन तुंबली होती. खालपासून वरपर्यंत प्रत्येक मजल्यावर प्रत्येक टेबलावर माझी साइट उघडून लोक हिचाच डाव बघायची धडपड करत होते, आणि त्या सगळ्यांत हिलाच तो दिसत नव्हता. ते बंद करणं माझ्या हातात नव्हतं. ते जगात एकाच माणसाच्या हातात होतं.

"कुलूपवाल्यांना फोन दे," मी म्हणालो.

"काय?"

"नोकरीवर येईल, ठाऊक आहे मला. तू सांग, द्यायचा की नाही?"

"देते," ती म्हणाली, आणि धावल्याचा आवाज आला.

"कोण बोलतंय?" जरबेचा आवाज.

"साहेब, मी... ती प्रॉक्सीची साइट. ती माझी."

पलीकडून अगदी हळू, "तुम्हीच का ते?" त्यात राग होता की वर्षानुवर्षं पत्राने ओळख असलेला माणूस एकदाचा भेटल्यासारखा आनंद, देव जाणे. मी एका दमात सगळं सांगितलं. तिचा डाव, तिचं घड्याळ, माझा मूर्खपणा. शेवटी म्हणालो, "तुम्ही तिला बुद्धिबळाची साइट थेट उघडून द्या. मी पाया पडतो."

"उघडून? छे! उघडायला वरून लेखी परवानगी लागते, तीन सह्या लागतात," ते म्हणाले. "पण बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमचा नवा पत्ता कुठला?"

मी सांगितला. माझ्याच शत्रूला, माझ्याच तोंडाने.

"आता बंद करतो सगळ्यांचा," ते म्हणाले. "एखादं टेबल चुकून राहून जातं कधीकधी. माणूस आहे."

माझ्या पडद्यावरचा आकडा खाली धावू लागला. शेकडे गेले, दहा उरले, चार उरले. मग एक. आणि तो एकच थांबला.

मी जागचा हललो नाही. आमच्याकडच्या कॉम्प्युटरवर डाव उघडून बघायचा मेहुण्याने दोनदा आग्रह केला, मी त्याच्या हातावर चापट मारली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. फोन पुन्हा वाजला तेव्हा आधी मला नुसता गलकाच ऐकू आला.

"जिंकले!" ती ओरडत होती. "अहो, जिंकले! चिमूटभर वेळ राहिला होता! सगळे इथेच आहेत, सगळ्यांचे पडदे बंद झाले म्हणून सगळं ऑफिस उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभं राहिलंय! कुलूपवालेसाहेब सगळ्यांत पुढे! काय टाळ्या वाजवल्या हो!"

नळकाका आणि मेहुणा एकमेकांना मिठ्या मारत होते.

"तुम्ही पाहिलात ना तो हत्तीचा बळी? अहो, पाहिलात ना?"

"नाही गं," मी म्हणालो. "मी डाव पाहिलाच नाही. मी तो एकच बघत बसलो होतो. तो जाऊ नये म्हणून."

पलीकडे गलका तसाच चालू होता. ती म्हणाली, "घरी आल्यावर मांडून दाखवते. पहिल्या खेळीपासून. आणि मधे हाक मारायची नाही."